फॉरमॅट मारण्याआधी तारीख बघा

जुन्या कॉम्प्युटरवर एरर आली की ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला ठरलेला. पण दुखणं अनेकदा विंडोजमध्ये नसतंच. प्रत्येक वेबसाइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येत असेल, तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की मेन स्विच बंद केल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते आणि साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटतं. नवा सेल टाका, तारीख लावा, काम झालं. फॉरमॅटने सगळं स्वच्छ होतं, असं कुणी म्हणेल. खरंय, पण संपलेला सेल तसाच राहतो. शिवाय विंडोज ७ वर क्रोमची १०९ नंतरची आवृत्ती चालतच नाही, कितीही वेळा फॉरमॅट करा. म्हणून एररचा मजकूर नीट वाचा, बॅकअप घ्या. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.