घोड्याची तीन अंगांची परीक्षा

ओढ्याला गढूळ पाणी आलेले असताना गाडी पलीकडे घालण्याचा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांवर आला असेल. तळ बैलाला दिसत नाही. हाक ओळखीची असते, म्हणून तो पाय टाकतो. आज ज्या खेळाची माहिती सांगायची, त्याची सारी गोडी या एका पावलात आहे.

खेळाचे नाव इव्हेंटिंग. मुळात ही घोडदळाची कसोटी. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ती आली, तेव्हा फक्त लष्करी स्वार उतरत. स्त्रियांना तिथे १९६४ साली वाव मिळाला. इंग्लंडात बॅडमिंटन गावी १९४९ पासून तिचा मोठा मेळा भरू लागला. (फुलाच्या खेळाला नाव पडले ते तिथल्याच वाड्यावरून, आणि त्या खेळाचे एक जुने नाव 'पूना' बरे का!)

पहिले अंग शिस्तीचे. रिंगणात घोडा ठरलेल्या चाली करून दाखवतो. जाणकार माना डोलावतात. नवख्याला, खरे सांगायचे तर, कंटाळा येतो. शेवटचे अंग रंगीत दांड्यांवरून उड्यांचे. दांडी पडली की ४ गुणांचा दंड.

मधला दिवस मात्र चुकवू नये असा. रानामाळातून सहा-सात किलोमीटर, अकरा-बारा मिनिटांत. वाटेत ओंडके, चर, कुंपणे, तळे. स्वार ही वाट आधी पायी चालून पावले मोजून ठेवतो. घोड्याला ती दाखवतच नाहीत! भरधाव येतो, पुढे एकदम पाणी. कान टवकारतात. अडला तर २० गुण दंड, स्वार पडला तर दोघेही बाद. माणसे शिदोरी घेऊन एका अडथळ्याकडून दुसऱ्याकडे हिंडतात, दोरीशी उभी राहतात. घोड्याचा श्वास ऐकू येतो, इतक्या जवळ.

पण मंडळी, यात जिवाचे भय आहे. २०२१ साली टोकियोत एका घोड्याचा पाय असा निकामी झाला, की त्याला मरण द्यावे लागले. म्हणून आता पुष्कळ अडथळ्यांना जोराची धडक बसताच सुटणारी खुंटी लावतात. शेवटच्या उड्यांआधी पशुवैद्याच्या देखत घोडा दुडक्या चालीने पळवतात. लंगडला, तर पहिला असला तरी परत तबेल्यात. मला हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्याकडे रघुबीर सिंग यांनी १९८२ च्या दिल्लीतील आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळवले. पुढे छत्तीस वर्षांनी, २०१८ साली, फवाद मिर्झा यांनी जकार्तात रौप्यपदक आणले. त्यांचा घोडा सेन्यूर मेडिकॉट. टोकियोतही हीच जोडी उतरली आणि तेविसावी आली.