भाव फुगलाय की कंपनीच तेवढी मोठी होणार?

वेगाने वाढणाऱ्या टेक कंपनीचा विषय निघाला की तेजीवाले आणि मंदीवाले हमरीतुमरीवर येतात. पुष्कळदा दोघांचंही खरं ठरतं, फक्त वेगवेगळ्या वर्षी! त्या वादातले हे काही खमंग किस्से.

४१ रुपयांचं भाकीत
जुलै २०२१. झोमॅटोचा आयपीओ आला ७६ रुपयांना. मूल्यांकनशास्त्राचे गाजलेले प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांनी हिशेब मांडला आणि शेअरची किंमत काढली सुमारे ४१ रुपये. बाजाराने कानाडोळा केला. शेअर एनएसईवर उघडला तोच ११६ ला. वर्षभराने जुन्या गुंतवणूकदारांचा लॉक-इन (शेअर विकण्यावरची बंदी) संपला, विक्रीचा लोंढा आला आणि भाव ४१ च्या आसपास येऊन टेकला. मंदीवाले जिंकले? थांबा. डिसेंबर २०२४ मध्ये हाच शेअर ३०० च्या पार गेला आणि सेन्सेक्समध्येही शिरला.

९५ रुपयेही जास्त वाटले!
१९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने १९९३ मध्ये ९५ रुपयांनी शेअर विकायला काढले, तर इश्यू पूर्ण भरेना. मॉर्गन स्टॅनलीने मोठा हिस्सा उचलला म्हणून निभावलं. जूनमध्ये लिस्टिंग झालं १४५ ला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

बॉसच म्हणतो, महाग आहे
१ मे २०२० रोजी इलॉन मस्क यांनी ट्विट केलं, की टेस्लाच्या शेअरचा भाव जरा जास्तच आहे. त्या दिवशी शेअर सुमारे १० टक्के आपटला. वर्ष संपलं तेव्हा मात्र तो जानेवारीच्या आठपट झाला होता.

कंपनी उत्तम, भाव अवाच्या सवा
मार्च २००० मध्ये सिस्को जगातली सर्वात मौल्यवान कंपनी ठरली. शेअर ८० डॉलरवर. ऑक्टोबर २००२ मध्ये तोच दहा डॉलरच्याही खाली. कंपनी बुडाली नाही. उलट वार्षिक विक्री १९ अब्ज डॉलरवरून ५० अब्जांच्या पुढे गेली. तरी ८० चा बंदभाव पुन्हा दिसायला डिसेंबर २०२५ उजाडला. पाव शतक गेलं!

भाव चढला, शेअर स्वस्त झाला
एनव्हिडियाची विक्री आर्थिक वर्ष २०२३ मध्ये २७ अब्ज डॉलर होती, २०२५ मध्ये १३० अब्ज. नफा भावापेक्षा जोरात धावला, म्हणून भाव कित्येक पट होऊनही पीई (भाव आणि नफ्याचं गुणोत्तर) उतरला. पण वाट सरळ नव्हती: २७ जानेवारी २०२५ रोजी डीपसीक या चिनी एआय मॉडेलच्या धास्तीने एका दिवसात सुमारे ५९० अब्ज डॉलरचं बाजारमूल्य साफ झालं.

दहापटीचा हिशेब
सर्वात मोलाचा धडा सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे प्रमुख स्कॉट मॅकनीली यांचा. डॉटकॉम तेजीत त्यांचा शेअर ६४ डॉलरला, म्हणजे वार्षिक विक्रीच्या दहापट भावाने विकला जात होता. २००२ मध्ये त्यांनी एका मुलाखतीत फोड करून सांगितलं: दहा वर्षांत पैसे वसूल व्हायचे तर दहाही वर्षं सगळी विक्री लाभांश म्हणून वाटावी लागेल. मालाचा खर्च शून्य, ३९,००० कर्मचाऱ्यांचा पगार शून्य, कर शून्य, संशोधन शून्य!

तेव्हा पैसे लावण्याआधी बाजारमूल्याला वार्षिक विक्रीने भागा. उत्तर दहाच्या वर आलं, तर विक्री कशी, कुठून आणि किती वर्षांत तिप्पट-चौपट होणार, हे वहीत मांडून पाहा. मांडता आलं नाही, तर तो शेअर तुमच्यासाठी महागच.