दादर टी. टी. : एका स्थलनामाची साक्ष

दादर स्थानकाच्या पूर्वेस खोदादाद सर्कल म्हणून जो चौक आहे, त्या परिसरास लोक अद्यापि ‘दादर टी. टी.’ म्हणतात. हीं दोन अक्षरें ‘ट्राम टर्मिनस’ या शब्दांचीं. बोरीबंदर ते दादर ही मुंबईची अखेरची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं धांवली. रूळ गेले, नांव राहिलें. स्थलनामें धुंडाळणारांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु जमिनीचा विनियोग व रहदारी यांची सांगड घालण्याचा जो प्रयत्न मुंबईंत झाला, त्याची खूण म्हणून आम्ही या नांवाकडे पाहतों.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ सालीं, मुंबईंत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. जुन्या शहरांत ट्रस्टनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे मार्ग दाट वस्ती भेदून काढले. हवा खेळावी व रहदारी सुकर व्हावी, असे दोन्ही हेतु त्यांत होते. दादर-माटुंग्यास क्रम उलट होता. तेथील मोकळी जमीन आधीं ताब्यांत घेतली, तींत रस्ते व बागांच्या जागा आंखल्या, आणि मग घरांसाठीं भूखंड भाडेपट्ट्यानें दिले. घराच्या पायापूर्वीं रस्त्याची रुंदी ठरली, हा या योजनेचा खरा विशेष. १८७४ त घोड्यांनीं ओढलेली ट्राम १९०७ पासून विजेवर चालूं लागली होती. दक्षिणेकडील कचेऱ्यांत जाणाऱ्या चाकरमान्यास दादरचें बिऱ्हाड परवडूं लागलें तें ट्राम व आगगाडी यांच्यामुळें.

मात्र ही सोय सर्वांची नव्हती. ज्याला पायींच कामावर जावयाचें, त्या मजुरास दूरच्या भूखंडाचा काय उपयोग? शहरांत पाडलेल्या खोल्यांच्या मानानें ट्रस्टच्या नव्या चाळी आरंभीं अपुऱ्या पडल्या. हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी वसल्या, त्या मुख्यत्वें मध्यम वर्गाच्या. आमच्या मतें योजनेचें हें वैगुण्य तिच्या गुणाइतकेंच नोंदण्याजोगें आहे.

१९३३ त ट्रस्टचा कारभार म्युनिसिपालिटींत विलीन झाला. त्या काळचे भाडेपट्टे कांहीं घराण्यांच्या दप्तरांत अजून असतील. मोडीही नाहीं व फारसें जुनेंही नाहीं म्हणून संग्राहक अशा कागदांची उपेक्षा करतात. आमची विनंति एवढीच कीं, पट्ट्यास नकाशा जोडलेला आढळल्यास तो फाडून निराळा ठेवूं नये. घराची सीमा व रस्त्याची रुंदी एकत्र पाहावयास मिळावी, ती त्याच कागदावर.