उदगीर कोणत्या जिल्ह्यात?

उदगीर जागचे हलले नाही. तरी १९५६ पर्यंत ते बीदर जिल्ह्यात होते, राज्यपुनर्रचनेत उस्मानाबादेत आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हा त्यात गेले. नांदेडकरांच्या किनवटची हकीकत अशीच. ते पूर्वी आदिलाबादेत मोडे. पुढे २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. आपल्याला हा गुंता सवयीचा आहे. संगणकाला मात्र तो समजावून द्यावा लागतो, आणि प्रोग्रॅमची रचना बरी की वाईट हे अशाच वेळी उघडे पडते.

समजा, दाखला छापणारा, शुल्क आकारणारा आणि पत्रे धाडणारा अशा तिन्ही भागांनी जिल्ह्याचे नाव आपापल्या पोटात लिहून ठेवले आहे. नाव बदलले की तिन्ही उघडणे आले. एक राहून गेला, की दाखल्यावर एक नाव, पत्रावर दुसरे. आणि खिडकीशी उभा असलेला विद्यार्थी 'कागद जुळत नाहीत' हे ऐकून परत जातो. भागांच्या अशा परस्पर गुंतण्याला कपलिंग म्हणतात. आगगाडीच्या डब्यांचे असते तेच हे नाव. त्याचा जोडशब्द कोहिजन. एका भागात ठेवलेली कामे खरोखर एकमेकांची आहेत काय, हा त्याचा प्रश्न. लॅरी कॉन्स्टन्टाइन यांनी स्टीव्हन्स व मायर्स यांच्यासह १९७४ साली लिहिलेल्या लेखामुळे या दोन कसोट्या सर्वत्र पोहोचल्या.

कोणी म्हणेल, सरसकट उस्मानाबादच्या जागी धाराशिव घाला. यातच घात आहे! १९७० साली उदगिरात जन्मलेल्याच्या नोंदीत उस्मानाबाद असते. ते बदलले तर त्याच्या जन्माच्या दाखल्यावर असा जिल्हा येईल, की ज्या नावाच्या जिल्ह्यात उदगीर एक दिवसही नव्हते.

ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र राखणारा घटक. 'गाव' हा असा एक घटक करावा. कोणत्या सालापासून कोणता जिल्हा आणि त्याचे नाव काय, हे त्यालाच ठाऊक असावे. दाखल्याने इतकेच विचारावे: अमुक तारखेला तुझा जिल्हा कोणता? उत्तर कसे शोधले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कपलिंग येथे सैल झाले, नाहीसे झाले नाही. काहीच विचारायचे नाही म्हटले तर दाखला छापणार कसा?

काही उत्साही मंडळी मग पत्रांचा टपालखर्चही सोयीसाठी 'गावा'तच कोंबतात. येथे कोहिजन बिघडते. पुढे टपालाचा दर वाढला, की उदगीरचा सारा पूर्वेतिहास सांभाळणारा भाग उघडावा लागतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून १९८२ चे साल पुसले जाते.