चांदीची गदा

डिसेंबर २०१८ मध्ये जालना शहरी महाराष्ट्र केसरी स्पर्धेचे मैदान भरले. या स्पर्धेत मल्लांचे दोन विभाग असतात. एक मातीवर लढणाऱ्यांचा, दुसरा गादीवर लढणाऱ्यांचा. दोहोंतील विजेते शेवटी परस्परांशी भिडतात आणि जो जिंकतो, त्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते.

त्या वर्षी गादी विभागातून पुण्याचा अभिजित कटके पुढे आला. आदल्याच वर्षीचा महाराष्ट्र केसरी तो! माती विभाग जिंकला बाला रफिक शेख याने. तो बुलढाणा जिल्ह्यातर्फे लढत असला, तरी त्याचे मूळ गाव खडकी, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. कुस्ती त्याच्या घरात पूर्वापार चालत आलेली. कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत त्याला गणपतराव आंदळकर यांच्यासारखे गुरू लाभले. आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले होते. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदकही मिळविले होते.

तालमीतील माती म्हणजे शेतातली ढेकळे नव्हेत. ती चाळून तीत तेल, ताक, हळद व लिंबाचा रस मिसळतात. अशा मऊ मातीत पाय रुततो, चाल संथ होते. गादीवर मात्र चपळाई हवी. अंतिम कुस्ती गादीवरच होती, म्हणजे कटकेच्या सवयीच्या जागी. तरीही रफिकने ती ११-३ अशा गुणांनी जिंकली.

ती गदा पाहावयास आंदळकर नव्हते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले होते.