पॅसिफिक विद्युत् पाकट : जीवशास्त्र आणि वर्तन

प्रस्तावना :
कोकण किनाऱ्यावर 'पाकट' या नावाने परिचित असलेल्या चपट्या माशांच्या आप्तांमध्ये वीज निर्माण करणाऱ्या काही जाती आहेत. ब्रिटिश कोलंबिया ते बाहा कॅलिफोर्निया या किनाऱ्यालगत आढळणारी टेट्रोनार्से कॅलिफोर्निका ही त्यांपैकी एक होय. विल्यम आयर्स यांनी १८५५ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. तिची लांबी सुमारे १.४ मीटरपर्यंत वाढते. प्रस्तुत लेखात या जातीचा विद्युत् अवयव, वर्तन व उपयुक्तता यांचा विचार केला आहे.

विद्युत् अवयव :
डोक्याच्या दोन्ही बाजूंस मूत्रपिंडाच्या आकाराचा एकेक अवयव असतो. या दोहोंचे वजन शरीराच्या सुमारे १५ टक्के भरते. स्नायूपेशींचेच रूपांतर होऊन बनलेल्या चपट्या पट्टिका एकावर एक रचून त्यांत षट्कोनी स्तंभ तयार होतात. या पेशी आकुंचन पावत नाहीत. मेंदूकडून संदेश येताच त्या एकाच वेळी विद्युत्भारित होतात. मोठा मासा सुमारे ४५ ते ५० व्होल्ट दाब निर्माण करतो. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहत असल्याने येथे उच्च दाबापेक्षा मोठा प्रवाह आवश्यक असतो. शेजारी-शेजारी असलेले असंख्य स्तंभ ही गरज भागवितात.

शिकारीचे वर्तन :
वीज हे केवळ संरक्षणाचे साधन आहे, हा समज अपुरा आहे. दिवसा हा मासा वाळूत अंग झाकून निश्चल पडून असतो आणि जवळ आलेल्या भक्ष्यावर झेपावतो. रात्री मात्र तो तळापासून वर येऊन पाण्यात संथपणे तरंगत शिकार शोधतो, असे ब्रे आणि हिक्सन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून दिसून आले. भक्ष्य टप्प्यात येताच तो अंसपक्षांनी त्यास वेढतो, विजेचे झटके देऊन बधिर करतो व बहुधा डोक्याकडून गिळतो.

प्रजनन :
अंडी मादीच्या शरीरातच उबतात. भ्रूण प्रथम अंड्यातील बलकावर व नंतर गर्भाशयातील पोषक स्रावावर वाढतात. एका वेळी साधारणतः १७ ते २० पिल्ले जन्मतात. मादीला प्रौढ होण्यास सुमारे नऊ वर्षे लागतात.

संशोधनातील महत्त्व :
मूळचा स्नायू असल्यामुळे या अवयवात ॲसिटिलकोलीनचे ग्राही विपुल असतात. मानवी स्नायूंना मज्जातंतूंकडून मिळणारा संदेशही याच प्रकारच्या ग्राहींमार्फत पोहोचतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांवरच आघात करते व स्नायू दुर्बल होतात. मानवी स्नायूत अत्यल्प असलेले हे ग्राही या माशापासून मुबलक मिळाल्याने त्यांचा अभ्यास शक्य झाला. ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराची त्रिमितीय रचनाही १९९१ मध्ये याच जातीपासून उलगडली.

समारोप :
या माशाच्या विजेने त्याला रात्रीचा समर्थ शिकारी बनविले, तर मानवाला स्वतःच्या स्नायूंचे कार्य समजावून दिले. तथापि, संशोधनासाठी त्याची पकड होते आणि तो अन्य माशांच्या जाळ्यांतही सापडतो. उशिरा प्रौढ होणाऱ्या या जातीची घट सावकाशच भरून निघेल. म्हणून तिचा वापर संयमाने होणे आवश्यक ठरते.