ठसका न लागणारा धूर

सिगारेट हवेत उडवून अलगद ओठांत झेलणारा शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत, तमिळनाडूतल्या दोन पिढ्यांच्या पोरांनी आरशासमोर गिरवला. म्हणूनच २००२ मध्ये त्याचा ‘बाबा’ चित्रपट आला तेव्हा डॉ. रामदॉस यांच्या पीएमके पक्षाने त्यातल्या सिगारेटीवरून रान उठवलं. २०१८ मध्ये ‘सरकार’ चित्रपटाच्या पोस्टरवर अभिनेता विजयच्या ओठांत सिगारेट दिसताच राज्याच्या आरोग्य खात्याने नोटीस धाडली आणि ते पोस्टर मागे घ्यावं लागलं. त्याच वर्षी तमिळनाडूने ई-सिगारेटवर बंदी घातली. केंद्राचा कायदा त्यानंतर, २०१९ मध्ये आला.

चेन्नईतल्या आजच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मात्र वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढायला कुठल्या नटाची गरज पडत नाही. त्याच्या लेखी ते धूम्रपानच नव्हे. सिगारेट ही काकांची, रिक्षावाल्याची, चहाच्या टपरीवर उभं राहून ओढायची गोष्ट. तिचा वास कपड्यांना लागतो आणि घरी आईला कळतो. वेप चार्ज होतो, आंबा किंवा पुदिन्याचा स्वाद देतो आणि दप्तरात पेन ड्राइव्हसारखा खपून जातो. ‘यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे’ हा युक्तिवाद मुलं मनापासून करतात. तो अर्धा खरा आहे, म्हणून तर खोडायला अवघड.

तंबाखूचं पान त्यात नसतं हे खरं. बॅटरी एक बारीक तार तापवते, तिच्याभोवतीच्या कापसातला प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा द्रव उडतो, आणि त्याबरोबर निकोटीन फुप्फुसात जातं. खरी करामत निकोटीनमध्ये आहे. साधं निकोटीन घशाला झोंबतं. पहिल्या सिगारेटला लागणारा ठसका आजवर बऱ्याच मुलांना तिथेच थांबवत आला. २०१५ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘जूल’ने निकोटीनमध्ये बेन्झॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरला. घसा शांत राहतो आणि मात्रा मात्र जोरदार मिळते. एका छोट्या कुपीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकं निकोटीन असतं, असं कंपनीच सांगत होती. २०१९ पर्यंत तिथल्या हायस्कूलमधल्या दर चार मुलांमागे एकाहून अधिक जण वेप ओढू लागले होते. आपल्याकडे त्याच वर्षीच्या युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयोगटातल्या २.८ टक्के विद्यार्थ्यांनी ई-सिगारेट कधीतरी ओढल्याचं सांगितलं. आकडा लहान आहे, पण हजारो झुरक्यांची हमी देणारी, वापरून फेकायची उपकरणं तेव्हा इतकी पसरली नव्हती.

बंदीकडे मुलं कशी पाहतात? केंद्राच्या कायद्यानुसार पहिल्या गुन्ह्याला विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणं मात्र या कायद्याने गुन्ह्यांच्या यादीत घातलेलं नाही. मुलांना हे बरोबर ठाऊक असतं. उलट चोरून मिळणाऱ्या वस्तूला वर्गात भाव येतो. आणि शाळेत आपण त्यांना अजून काळवंडलेल्या फुप्फुसांचे तक्ते दाखवतो! कर्करोग त्यांच्यासाठी चाळिशीनंतरची भानगड आहे. वयात येणाऱ्या मेंदूला निकोटीनची सवय लवकर जडते, दोन तासांच्या पेपरला स्वस्थ बसवत नाही, चिडचिड होते, हे त्यांना जास्त पटेल असं मला वाटतं. पण तक्त्यावर ते काढता येत नाही.

तमिळनाडूत हीच कथा बिनवाफेची होऊनही आली आहे. ‘कूल लिप’ नावाची तंबाखूची गार, छोटी पुडी ओठाआड ठेवली की शिक्षकाला समोरूनही कळत नाही. शाळकरी मुलांमधल्या तिच्या वापरावर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने चिंता व्यक्त केली. खाण्याच्या तंबाखूजन्य पदार्थांवर राज्यात २०१३ पासून बंदी असूनही ही वेळ आली.

व्यसन सोडायला मदत आहे. चेन्नईतल्या अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये तंबाखूमुक्ती केंद्र २००२ पासून चालतं आणि १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. अडचण एवढीच, की तिथे फोन करायला आधी आपण ‘तंबाखूवाले’ आहोत हे मान्य करावं लागतं, आणि आंब्याच्या वासाची वाफ सोडणारा मुलगा स्वतःला तसं समजतच नाही.